उन्हात आल्यावर ड्रॅक्युला जळून मरतो, हे मूळ कादंबरीत आहे का?

नाही, मूळ ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीत तो लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा उभा राहून बग्गीतल्या एका तरुणीकडे टक लावून बघतो. दिवसा त्याची ताकद तेवढी आटते, हवं तेव्हा रूप बदलता येत नाही. शेवटी मरतो तोही सुऱ्यांच्या घावांनी, सूर्य मावळता मावळता. पहाटेच्या उजेडात व्हॅम्पायरचा धूर होणं रूढ झालं ते 'नोस्फेराटू' या १९२२ च्या जर्मन मूकपटापासून, पुढच्यांनी त्याचा नियमच करून टाकला (खलनायक संपवायला सोयीचा!). अर्थात लोककथांतले व्हॅम्पायरही बहुतेक रात्रीच हिंडायचे, त्यामुळे दिवसाचं वावडं सगळंच्या सगळं सिनेमाच्या खात्यावर टाकता येणार नाही.