पक्षाघातानंतर मेंदूत नव्या पेशी तयार होतात, मग हात आपोआप सुधारेल का?

वडिलांना पक्षाघात होऊन चार महिने झालेत, उजवा हात अजून मिटलेलाच आहे, आणि मेंदूत नव्या पेशी बनतात असं वाचून तुम्ही हे विचारलंय. मी सांगलीत फिजिओथेरपिस्ट आहे. अंगावरून वारं गेलेल्या पेशंटची मुलं हल्ली हेच विचारतात.

पेशी बनायला सुरुवात होते, हे खरं. पण त्यांच्या भरवशावर बसू नका.

२००२ साली स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूचा रक्तपुरवठा काही काळ अडवला. मेंदूत आत द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतीलगतच्या मूळ पेशी, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या (स्टेम सेल), भराभर विभागू लागल्या आणि कोवळ्या चेतापेशी इजा झालेल्या जागेकडं सरकत गेल्या. मला हे आजही विलक्षण वाटतं. पण त्यातल्या बहुतेक काही आठवड्यांत मेल्या. गमावलेल्या पेशींची भरपाई झाली ती जेमतेम ०.२ टक्के.

माणसांत हे तपासायची युक्ती अणुचाचण्यांमुळं मिळाली. १९६३ च्या करारापर्यंत उघड्यावर झालेल्या चाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला, तो अन्नातून आपल्या डीएनएत उतरला. त्याच्या प्रमाणावरून पेशी कधी जन्मली हे काढता येतं. पक्षाघात होऊन गेलेल्या माणसांच्या मेंदूचा बाहेरचा थर असा तपासला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले: तिथल्या चेतापेशी त्या माणसांच्याच वयाच्या होत्या. नव्या सापडल्या नाहीत.

मग माणसं सुधारतात कशी? वाचलेल्या पेशींमुळं. इजेच्या कडेच्या पेशी नवे फाटे फोडतात, एकमेकींशी नव्यानं जोडल्या जातात, शेजारचा भाग गेलेल्या भागाचं काम उचलतो. आणि हे जोडकाम वापरानं पक्कं होतं. हात पडून राहिला की मेंदू त्याला विसरत जातो.

तासगावकडच्या एका आजींना मी बेदाणे निवडायला बसवलं होतं, कारण ते काम त्यांनी जन्मभर केलेलं. सुरुवातीला अख्खा पंजा ताटावर घासायचा, बेदाणे बाहेर सांडायचे. पुढं अंगठा तर्जनीपर्यंत पोचला, आणि एक दिवस त्यांनी देठ चिमटीत धरून तोडला. सूनबाई मदतीला हात घालायच्या, त्यांना मी लांब बसवायचे. वडिलांनाही त्यांच्या सवयीचंच काम द्या. शर्टाची बटणं, भाकरीचा तुकडा मोडणं, काहीही चालेल. रोज आणि पुष्कळ वेळा. रबरी चेंडू दाबायला देऊ नका. मिटलेल्या बोटांना मिटायला शिकवावं लागत नाही, उघडायला शिकवावं लागतं.

मालीशवाल्याला खांदा ओढू देऊ नका, सैल झालेला सांधा निसटतो. पेशी वाढवणाऱ्या महागड्या इंजेक्शनांसाठी कर्ज काढू नका, कळकळीनं सांगते. त्यांनी हात परत येतो असा भक्कम पुरावा नाही.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो, पण चार महिन्यांनी दार बंद होत नाही. बीपीची गोळी मात्र एकही दिवस चुकू देऊ नका. दुसरा झटका आला तर ज्या पेशींच्या जोरावर हे सगळं चाललंय, त्याच जातील.