चिनी निसर्गचित्रासारखा फोटो : धुकं आहे, डोंगर आहेत, मग अडतं कुठे?

धुक्यातले डोंगर कृष्णधवल केले तरी फोटो चिनी चित्रासारखा का दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. कॅमेरा एकाच जागेवरून बघतो, शानशुई म्हणजे पारंपरिक चिनी निसर्गचित्रातली नजर फिरती असते. खरी अडचण तिथे आहे. चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळातल्या ग्वो शी या चित्रकाराने डोंगर बघायचे तीन प्रकार सांगितले: पायथ्याकडून शिखराकडे वर, पुढच्या डोंगराआडून मागच्या दऱ्यांत खोल, आणि जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे सरळ.

छायाचित्रकार लांग जिंगशान (1892–1995) यांनी ही फिरती नजर डार्करूममध्ये साधली. एन्लार्जरखाली (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उमटवणारं यंत्र) कागदाचा बाकी भाग झाकायचा, एका निगेटिव्हमधला कडा उमटवायचा, मग दुसऱ्यातलं झाड. शांघायचा कलाकार यांग योंगल्यांग (जन्म 1980) तेच संगणकावर करतो. लांबून डोंगर दिसतात. जवळ गेलं की उंच इमारती, क्रेन आणि विजेचे मनोरे. होडी-बांबूच्या गोड नकलांपेक्षा मला हे काम कितीतरी मोलाचं वाटतं.

आता करायचं कसं? ढगाळ दिवस निवडा. या चित्रांत पडछाया जवळजवळ नसतात, आणि उन्हात काढलेल्या फ्रेम्स जोडल्या की सावल्यांच्या दिशा जुळत नाहीत. लेन्स 100 ते 200 मिमी. वाइड लेन्समध्ये मागचे डोंगर बारीक होऊन जातात. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) धुक्याला करडं करतो, म्हणून एक्स्पोजर सुमारे +1 ठेवा, पण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. पायथा, मधली दरी आणि शिखर अशा निदान तीन फ्रेम्स वेगवेगळ्या उंचीवरून घ्या. सांधा नेहमी धुक्यात लपवायचा: फ्रेमचा नको तो भाग झाकणाऱ्या मास्कची कडा 150 ते 300 पिक्सेल मऊ.

बहुतेकांचं चुकतं ते कॉन्ट्रास्टमध्ये. मागचा थर पुढच्यापेक्षा फिका हवाच, आणि त्यातला काळा रंग करड्यापर्यंत उचललेला हवा. दूरचा डोंगर जवळच्याइतका गडद राहिला की चिकटवलेला वाटतो. ग्रेन (फिल्मसारखा बारीक रवा) शेवटी, सगळे थर एकत्र झाल्यावर, पूर्ण चित्रावर एकदाच द्या.

सह्याद्रीत हे करणार असाल तर एक फरक ध्यानात घ्या. चीनमधल्या ह्वांगशान पर्वताचे ग्रॅनाइटचे सुळके उभे चढतात, आपला बेसाल्ट आडव्या पट्ट्यांनी रचलेला. त्यामुळे इथे चिनी चित्रांच्या उभ्या गुंडाळीपेक्षा लांबट आडवी चौकट बरी, आणि ग्वो शीचा तिसरा प्रकार जास्त जमतो.

छपाई मॅट कॉटन पेपरवर करा. कोरी जागा 255 वर (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा) सोडली तर तिथे शाईच पडत नाही आणि शाई संपते तिथे कडा दिसते. 245 ते 250 च्या दरम्यान ठेवा. ग्लॉसी कागदावर हीच कडा तिरप्या उजेडात आणखी उघडी पडते.