लघवीच्या त्रासानंतरचे दुसरे बाळंतपण

या वेळी निवडलेली तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत आणि तिन्हींच्या तळाशी नाव नाही. बाळंतपणातल्या टाक्यांबद्दल बायका बोलतात, दुधाबद्दल बोलतात, लघवीबद्दल मात्र सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा दुसऱ्यांदा दिवस राहिलेले असतात आणि हाताशी थोडेच महिने उरलेले असतात.

प्रश्न : मी ३१ वर्षांची असून मला सातवा महिना चालू आहे. चार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात कळा येण्यासाठी औषध लावले होते, वेदना कमी व्हाव्यात म्हणून पाठीतून एपिड्युरल दिले होते आणि शेवटी व्हॅक्यूम लावून मुलगी झाली. त्या रात्री मला लघवीची जाणीवच होत नव्हती. विचारायला आलेल्या नर्सला मी ‘थोडी थोडी होते आहे’ असे सांगितले आणि ती निघून गेली. सकाळी पोट बेंबीपर्यंत फुगले, तेव्हा नळी घातली आणि सुमारे १,३०० मिलिलिटर लघवी निघाली. दहा दिवस नळी ठेवली होती. पुढे पाच आठवडे दिवसातून चार वेळा मीच नळी घालून लघवी काढत होते. आता लघवी होते, पण धार बारीक आहे आणि कधी कधी पुढे वाकून बसावे लागते. डॉक्टर म्हणतात, दोन्ही चालेल. सासूबाईंना नॉर्मल हवे आहे, यजमान सिझरच करा म्हणतात. मला एवढेच कळते की ती नळी पुन्हा नको. मी काय ठरवावे? — एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘थोडी थोडी होते आहे’ या शब्दांपाशी मी थांबले. काठोकाठ भरलेल्या हंड्यातून वरचे पाणी सांडावे, तशी तुंबलेल्या मूत्राशयातून अधूनमधून थोडी लघवी सांडते, आणि लघवी साफ झाली असे बाळंतिणीला वाटते, घाईत असलेल्या नर्सलाही वाटते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ६०० मिलिलिटर लघवी मावते. तुमच्या मूत्राशयात त्याच्या दुपटीहून जास्त साठली होती, तीही कित्येक तास. इतके ताणले गेले की त्या पिशवीच्या भिंतीतले स्नायू आणि मज्जातंतू दुखावतात, आकुंचन पावून लघवी बाहेर ढकलण्याची ताकद जाते आणि ती परत यायला दिवस, क्वचित आठवडे किंवा महिने लागतात.

हे नेमके त्याच रात्री का झाले, यालाही कारणे आहेत. एपिड्युरलने लघवीची जाणीव बोथट झाली होती. पहिले बाळंतपण, लांबलेल्या कळा आणि व्हॅक्यूम यांमुळे खालच्या भागाला सूज येते, टाक्यांच्या दुखण्याने जोर लावायची भीती वाटते. त्यातच गरोदरपणात साठलेले पाणी शरीर प्रसूतीनंतरच्या पहिल्या एकदोन दिवसांत बाहेर टाकू लागते, सलाइनची भर त्यात पडते, म्हणजे मूत्राशय एरवीपेक्षा झपाट्याने भरत असते आणि ते सांगणारी जाणीव मात्र झोपलेली असते. म्हणूनच प्रसूतीनंतर सहा तासांच्या आत बाईला मोकळी लघवी झालीच पाहिजे आणि झाली नाही तर नळी घालून मूत्राशय रिकामे केलेच पाहिजे, हा प्रसूतिशास्त्रातला साधा दंडक आहे. तुमच्या मूत्राशयाला इजा झाली ती बाळाच्या वाटेने कमी आणि न मोजलेल्या त्या तासांनी अधिक, असे पत्रावरून माझे मत होते.

हे मान्य केले की सिझरबद्दलचा विचार थोडा बदलतो. सिझर केल्याने कळा आणि व्हॅक्यूम टळतात, पण ते न मोजलेले तास आपोआप टळत नाहीत. सिझरसाठी कमरेत इंजेक्शन देऊन खालचे अंग बधिर करतात, शस्त्रक्रियेपुरती नळी घालतात आणि साधारण दुसऱ्या दिवशी ती काढतात. काढल्यावर पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो की पुढच्या सहा तासांत लघवी झाली का आणि किती झाली. शिवाय मूत्राशय गर्भाशयाच्या खालच्या भागाला चिकटूनच असते, सिझर करताना ते बाजूला सारावे लागते, आणि तिसरे बाळ हवे असेल तर व्रणाला चिकटलेले मूत्राशय व व्रणावर बसलेली वार या दोन्हींचा धोका प्रत्येक सिझरबरोबर वाढतो. उलट, एकदा खालून प्रसूती झालेल्या बाईच्या दुसऱ्या वेळच्या कळा बहुधा कमी वेळ चालतात आणि व्हॅक्यूम किंवा चिमटा लागण्याची शक्यताही पहिल्यापेक्षा कमी असते.

तरीही मी तुम्हाला ‘नॉर्मलच करा’ असे आजच सांगणार नाही, कारण बारीक धार आणि वाकून बसणे या दोन गोष्टी मला खटकतात. आधी एक सोपी तपासणी करून घ्या. पोटभर पाणी पिऊन लघवी लागू द्या, लघवी करून या आणि लगेच सोनोग्राफीने मूत्राशयात मागे किती उरली ते मोजून घ्या. मागे राहिलेली लघवी १०० मिलिलिटरहून कमी असेल, तर तुमचे मूत्राशय सावरले आहे असे समजून खालून प्रसूतीची तयारी करणे मला योग्य वाटते. १५० हून जास्त, तीही दोनतीन वेळा मोजून, उरत असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांना आत्ताच, नववा महिना लागण्यापूर्वी दाखवा. तेव्हा सिझरचे पारडे जड होऊ शकते, पण तो निर्णय तुमच्या प्रसूतितज्ज्ञांनी आणि त्यांनी मिळून घ्यायचा आहे. लघवीचे कल्चरही करून घ्या, कारण पूर्ण रिकाम्या न होणाऱ्या मूत्राशयात जंतुसंसर्ग लवकर होतो आणि गरोदरपणात तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो.

मार्ग कोणताही ठरो, एक कागद मात्र दोन्हींसाठी सारखाच लागेल. पहिल्या वेळी काय झाले, किती मिलिलिटर निघाली, नळी किती दिवस होती, हे डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. कळा चालू असताना दर तीनचार तासांनी लघवी करवून घ्यावी आणि होत नसेल तर नळीने काढावी. एपिड्युरल घेतले तर (ते घेऊ नये असे माझे म्हणणे नाही) सुरुवातीपासून नळी ठेवावी आणि पायांत पूर्ण ताकद व जाणीव आल्याशिवाय ती काढू नये. नंतरच्या पहिल्या दोन लघव्या भांड्यात मोजाव्यात आणि मागे किती उरली ते पाहावे, हेही त्याच पानावर असू द्या. रात्रपाळीच्या नर्सला तोंडी सांगितलेले सकाळच्या नर्सला कळत नाही, लिहिलेले कळते. सोबतीला राहणाऱ्या बाईलाही हे समजावून ठेवा, आणि बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे ही काही घरांतली रीत या वेळी बाजूला ठेवा. पाणी तोडल्याने मूत्राशय सुधारत नाही, बद्धकोष्ठ तेवढे वाढते.

नळी पुन्हा नको, या तुमच्या म्हणण्यामागची धास्ती मला समजते. पण वेळेवर घातलेली एकदोन दिवसांची नळी ताणलेल्या मूत्राशयाला विसावा देते. उशिरा घातलेलीच आठवडे राहते. हे सगळे ऐकूनही खालून प्रसूतीच्या विचाराने तुमची झोप उडत असेल, तर सिझर मागण्यात कमीपणा नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही, फायदेतोटे नीट समजून घेऊन बाईने सिझरची इच्छा कायम ठेवली तर ते करून द्यावे, असे म्हटले आहे. घाई कशाचीच नसेल तर ते ३९ आठवडे भरल्यावर करावे. घरच्यांची मते ऐका, मात्र मापनाचा आकडा हाती येईपर्यंत कोणालाच शब्द देऊ नका.

प्रश्न : माझे वय ३६. पहिले बाळ पावणेचार किलोचे होते, प्रसूती नॉर्मल झाली. तेव्हापासून तीन वर्षे शिंकले, खोकले, मुलामागे धावले की लघवी गळते. आम्हाला दुसरे मूल हवे आहे. एका ओळखीच्या बाईंनी सांगितले की आधी टेपचे (मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याचे) ऑपरेशन करून घे आणि मग सिझर कर, म्हणजे उरलेले तरी वाचेल. हे बरोबर आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : हा त्रास वरच्या पत्रातल्या त्रासाच्या जवळजवळ उलट आहे. तिथे लघवी बाहेर पडत नव्हती, इथे थांबत नाही, कारण मूत्रमार्गाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडले आहेत. टेपचे ऑपरेशन आत्ता करू नका. पुढच्या गरोदरपणाने आणि प्रसूतीने त्याचा परिणाम जाण्याची शक्यता असते, म्हणून कुटुंब पूर्ण झाल्यावरच ते करावे असा सल्ला दिला जातो.

सिझरने किती वाचते, याचे सर्वांत परिचित आकडे नॉर्वेतले आहेत. तिथे पंधरा हजारांहून जास्त स्त्रियांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. खोकल्या-शिंकल्यावर लघवी गळण्याचा त्रास मूल न झालेल्यांत ४.७ टक्के, फक्त सिझर झालेल्यांत ६.९ टक्के आणि खालून प्रसूती झालेल्यांत १२.२ टक्के स्त्रियांना होता. म्हणजे सिझर काहीसे वाचवते हे खरे, पण सिझर झालेल्यांनाही त्रास चुकत नाही, कारण नऊ महिन्यांचे ओझे दोघींनाही सारखेच असते. आणि हे आकडे एकूण स्त्रियांचे आहेत. ज्यांचे स्नायू पहिल्या प्रसूतीत आधीच सैलावले आहेत, त्यांना दुसऱ्या वेळच्या सिझरचा एवढाही लाभ होईल असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती सिझरने झाल्या होत्या. इतकी सिझरे होत असताना ‘उरलेले वाचवण्यासाठी’ आणखी एक करावे, हे मला पटत नाही.

तुम्हाला अजून दिवस राहिलेले नाहीत, हा तुमचा मोठा फायदा आहे. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगेल या डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आजही पहिला उपचार आहेत, फक्त ते बहुतेक बायका चुकीचे करतात. वारा सरू नये म्हणून आपण जो भाग आवळतो, तोच आत आणि वर ओढायचा. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवायचे. एका वेळी किमान आठ, दिवसातून तीन वेळा, किमान तीन महिने. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून बरोबर स्नायू आवळला जातो आहे ना, ते तपासून घ्या. चालू लघवी मध्येच अडवून सराव करण्याची सवय लावू नका. जुना खोकला, कुंथावे लागणारे बद्धकोष्ठ आणि वाढलेले वजन यांवरही उपाय करा, नाहीतर एका हाताने कमावलेले दुसऱ्या हाताने जाते. तीन महिन्यांनी फरक पडला नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून अंग खाली आले आहे का, हे पाहून घ्या. दिवस राहिल्यावरही व्यायाम चालू ठेवा. प्रसूती कशी व्हावी हे बाळाचे अंदाजे वजन, त्याची स्थिती आणि तुमची तपासणी यांवर शेवटच्या महिन्यात ठरवता येईल.

प्रश्न : हे पत्र माझ्या थोरल्या बहिणीसाठी आहे. पहिल्या खेपेला ती दोन दिवस घरीच अडली, बाळ गेले आणि नंतर तिला दिवसरात्र लघवी ठिबकत असे. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर ते थांबले. आता तिला तिसरा महिना आहे. गावची सुईण म्हणते, या वेळी सहज होईल. — एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : इथे निवडीचा प्रश्नच नाही, ताईंचे सिझर ठरवूनच झाले पाहिजे. बाळाचे डोके बराच काळ अडकून राहिले की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला भाग दाबला जातो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तिथे छिद्र पडते. दिवसरात्र ठिबकणे हे त्याचेच लक्षण होते. शिवलेली जागा पुन्हा तशा दाबाखाली गेली तर फाटू शकते आणि दुसऱ्यांदा शिवणे पहिल्यापेक्षा अवघड असते. सुईणीचा अनुभव मी नाकारत नाही, पण तिच्या अनुभवात ही शिवण नाही.

ऑपरेशनचे कागद शोधून ठेवा. ते हरवले असतील तर त्या दवाखान्यातून नक्कल मागवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. येत्या ९ तारखेलाच ताईंना घेऊन जा, जोखमीची गरोदर म्हणून नोंद करून घ्या आणि जिथे रक्त व शस्त्रक्रियेची सोय आहे अशाच ठिकाणी नाव घाला. सरकारी रुग्णालयात सिझरचा खर्च पडत नाही. ठरलेल्या तारखेआधीच कळा सुरू होऊ शकतात, म्हणून घर लांब असेल तर नवव्या महिन्यात त्यांना रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवा, आणि कळ आल्याचे वाटले तर ती थांबते का हे पाहत बसू नका.