सहाव्या भेटीलाही जा

सप्रेम आशीर्वाद.

आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या माणसाला सोबत द्यायला तू सोमवारपासून जाणार आहेस. पहिल्या भेटीत काय बोलायचं, हे तू फोनवर दोनदा विचारलंस. मला त्याहून जास्त काळजी तुझ्या सहाव्या भेटीची आहे. डिस्चार्जनंतर पहिले आठ दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. मग जो तो आपल्या कामाला लागतो आणि त्या विषयावर कुणी अवाक्षर काढत नाही. नेमका हाच काळ नाजूक असतो. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे, ढोबळमानाने तीन महिने, धोका सर्वांत जास्त. आपलं काम तिथेच आहे.

जेरोम मोटो नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ सॅन फ्रान्सिस्कोत होते. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना एका मुलीच्या पत्रांनी त्यांना आधार दिला होता, तो ते विसरले नाहीत. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे दाखल झालेल्या, पण घरी गेल्यावर उपचार नाकारलेल्या किंवा सोडलेल्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवायची, दुसऱ्याला काहीच नाही. बरे असाल अशी आशा आहे, कळवावंसं वाटलं तर जरूर कळवा, एवढाच त्यांचा मजकूर. ना अपॉइंटमेंटची आठवण, ना गोळ्यांची चौकशी. पत्रं गेलेल्या गटात आत्महत्या कमी झाल्या. पहिल्या दोन वर्षांत हा फरक सर्वांत ठळक होता.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांबरोबर असाच अभ्यास केला. एका गटाला नेहमीचे उपचार; दुसऱ्याला त्याशिवाय तासाभराचा संवाद आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. २००८ साली आकडे आले: पहिल्या गटात १८ आत्महत्या, दुसऱ्यात २. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, म्हणून आपण डॉक्टरांची जागा घेतो असं कधी समजू नकोस. पण नऊ वेळा कुणीतरी आठवणीने येणं ही लहान गोष्ट नाही.

आता बोलण्याविषयी. ‘घरच्यांचा तरी विचार करायचास’ हे वाक्य त्या माणसाने आधीच खूपदा ऐकलेलं असेल. ‘अयशस्वी प्रयत्न’ असंही म्हणू नकोस; जगण्याला अपयश कसं म्हणायचं? शंका आली तर सरळ विचार: ‘मरणाचे विचार पुन्हा येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात भरत नाहीत, उलट बरेचदा हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर एकटं सोडू नकोस. समुपदेशकांना तिथूनच फोन लाव. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नकोस. ते पाळता येत नाही, आणि मोडलं की विश्वास जातो.

सुरक्षा योजनेचा कागद, म्हणजे मरणाचे विचार आले तर क्रमाने काय करायचं याची यादी, समुपदेशकांनी करून दिला असेल. नसेल तर त्यांच्या मदतीने करून घ्या. तो त्या माणसाच्याच शब्दांत हवा. एका ताईंनी धोक्याची खूण म्हणून लिहिलं होतं, ‘मी फोन पालथा ठेवायला लागते.’ ही खूण दुसऱ्या कुणाला सुचलीच नसती. खुणांनंतर स्वतःला सावरायचे उपाय, मग सोबतीला बोलवायची माणसं, डॉक्टर, हेल्पलाइन. घरातली धोक्याची वस्तू दूर ठेवायचं कामही त्यातच येतं, आणि ते घरच्यांबरोबर बसून, त्या माणसाला सांगूनच करायचं. मरणाच्या विचारांच्या लाटा बरेचदा थोड्या वेळात ओसरतात. मधला तो वेळ निभावून नेणं फार मोलाचं असतं.

घरचे तुला दारात गाठतील आणि हलक्या आवाजात विचारतील, ‘पुन्हा करेल का हो?’ खोटा दिलासा देऊ नकोस. पण प्रयत्नातून वाचलेल्यांतले दहापैकी जवळपास नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत, हे खरं आहे आणि ते त्यांना सांग. त्यांचीही झोप उडालेली असते. त्यांना कुणी विचारत नाही.

सोमवारी पहिल्या भेटीतून उठण्याआधी पुढच्या भेटीचा वार ठरव, आणि ठरलेल्या वाराला जा. दार उघडलं नाही तर चार ओळींची चिठ्ठी ठेव, घरच्यांना फोन कर आणि पुन्हा जा. घरी पोचल्यावर मला फोन कर. कितीही वाजले असले तरी मी जागी असेन.

तुझी,
ताई