केस गळणे, केस तुटणे आणि केसतोड

पुण्यात मेडिकल कोडिंगचे काम करणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला आयसीडी-१०-सीएम या वर्गीकरणातला संकेतांक देणे हे त्यांचे रोजचे काम. नव्या मुलांना मराठीतून शिकवताना त्यांनी एल६७.० या संकेतांकाखालच्या ‘ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा’ या केस तुटण्याच्या विकाराला ‘केसतोड’ म्हटले, आणि ते एका सहकाऱ्यांना खटकले. केस तुटतो म्हणून केसतोड, यात चूक काय, असे ते विचारतात.

सहकाऱ्यांचे खटकणे रास्त आहे. केसतोड, किंवा बऱ्याच घरांत म्हणतात तसे केसतूड, म्हणजे केसाच्या मुळाशी येणारे दुखरे गळू. केस मुळाशी तुटला की तिथे ते उठते, या समजुतीतून हे नाव पडलेले दिसते. पण आज शब्दाचा अर्थ गळू हाच आहे, तुटलेला केस नव्हे. वर्गीकरणातही गळवांची जागा एल०२ मध्ये आहे. म्हणजे शब्दाची फोड अचूक असूनही त्याचा रूढ अर्थ विद्यार्थ्याला भलत्याच पानावर घेऊन जाईल.

मूळ संज्ञेकडे पाहू. ग्रीकमध्ये केसाला ‘थ्रिक्स’ म्हणतात, पण षष्ठीत त्याचे ‘त्रिखोस’ होते. ‘थ’चा ‘त’ का झाला, याचे उत्तर संस्कृत शिकलेल्यांच्या ओळखीचे आहे. ‘धा’चे ‘धधाति’ न होता ‘दधाति’ होते आणि ‘भू’चे ‘बभूव’ होते, कारण लागोपाठच्या दोन अक्षरांत महाप्राण आले की पहिल्यातला जातो. हाच नियम ग्रीकमध्येही आहे. ‘त्रिखोस’मध्ये ‘ख’ टिकला म्हणून ‘थ’ने आपला महाप्राण सोडला, आणि ‘थ्रिक्स’मध्ये ‘ख’ ‘क्स’मध्ये विरला म्हणून ‘थ’ शाबूत राहिला. दोन भाषांतले साम्य एका केसात दिसावे, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो. ‘ऱ्हेक्सिस’ म्हणजे फाटणे, तुटणे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतल्या ‘कॅप्सुलोऱ्हेक्सिस’मध्येही तोच शब्द आहे. ‘नोडोसा’ हे लॅटिन विशेषण, अर्थ गाठाळ. हे नाव १८७६ मध्ये त्वचारोगतज्ज्ञ कापोसी यांनी दिले.

अडचण या ‘गाठी’चीच आहे. मराठीत अंगावरची गाठ म्हटले की माणूस घाबरतो आणि केसातली गाठ म्हटले की गुंता डोळ्यांसमोर येतो. येथे यातले काहीच नसते. एखाद्या ठिकाणी केसाचे बाहेरचे खवल्यांचे आवरण झिजते, आतले तंतू सुटतात आणि फुलून बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन कुंचले टोकाला टोक लावून एकमेकांत खुपसावेत तसे ते दिसते. नुसत्या डोळ्यांना मात्र काळ्या केसावर पांढरा ठिपका दिसतो, म्हणून घरोघरी त्याला लिखा समजतात. माझ्या मावशीने एका पुतणीच्या केसांवर अशा ‘लिखां’साठी आठवडाभर फणी चालवली होती. ठिपके निघाले नाहीत, उलट केस त्याच जागी मोडत गेले, आणि हातात राहिलेल्या तुकड्यांची टोके झाडूसारखी पिंजलेली होती. केसाला खरोखरच गाठ बसते तो विकार वेगळा, त्याचे नाव ‘ट्रायकोनोडोसिस’. त्यामुळे ‘केसगाठ’ हा प्रतिशब्द त्याच्यासाठी राखून ठेवावा. ‘पेर’ हा शब्दही मला मोहवत होता, पण बांबूच्या पेरासारखा दिसणारा केस नेदरटन सिंड्रोम या दुर्मिळ आनुवंशिक त्वचाविकारात आढळतो आणि त्याचे नाव ‘ट्रायकोऱ्हेक्सिस इन्व्हॅजिनाटा’ आहे.

म्हणून मी ‘केस पिंजून तुटणे’ असे सुचवतो. कापूस पिंजतात, जुनी दोरी घासून पिंजते; तंतू सुटे होण्याचे नेमके चित्र या क्रियापदात आहे. ‘केस पिंजारणे’ म्हणजे विस्कटणे, हा अर्थ जवळचा असला तरी ‘पिंजून तुटणे’ म्हटल्यावर घोटाळा होत नाही. ‘फाटे फुटणे’ हे मात्र टोकाशी केस दुभंगण्यासाठीच ठेवावे.

आपल्या कामाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा भेद ‘गळणे’ आणि ‘तुटणे’ यांतला आहे. रुग्ण बहुधा ‘केस गळतात’ एवढेच सांगतो. पण विंचरल्यावर फणीतला गुंतवळ सोडवून पाहिला तर गळलेल्या केसाच्या एका टोकाला मुळाचा पांढरा, बारीक फुगीर भाग दिसतो; तुटलेल्याला तो नसतो, तुकडे आखूड आणि लहानमोठे असतात. डॉक्टरही केसाचा झुबका ओढून मुळासकट किती येतात ते पाहतात, आणि निराळ्या चाचणीत केस मध्ये धरून टोकाकडून ओढतात, म्हणजे केसाची दांडी कुठे मोडते ते कळते. गळणे असेल तर संकेतांक एल६५ मध्ये पडतो. एकाच वेळी खूप केस गळण्याच्या ‘टेलोजेन एफ्लुव्हियम’ला एल६५.० आहे, आणि एल६७ खाली तो येथे घेऊ नये अशी स्पष्ट सूचनाही आहे. ‘मोनिलेथ्रिक्स’ हा मण्यांच्या माळेसारखा जन्मजात केस क्यू८४.१ मध्ये जातो.

कारण बहुतेकदा बाहेरचे असते: तापलेली इस्त्री, केस सरळ करण्याची रसायने, ब्लीच, जोरजोराने विंचरणे. लहान मुलात हे दिसले तर मात्र डॉक्टर रक्त-लघवीतील अमिनो आम्ले तपासून घेऊ शकतात, कारण युरिया चक्राच्या, म्हणजे शरीरातल्या अमोनियाचे युरियात रूपांतर करणाऱ्या प्रक्रियेच्या, ‘अर्जिनिनोसक्सिनिक ॲसिड्युरिया’ या विकारातही केस असाच तुटतो. त्याचा स्वतःचा संकेतांक ई७२.२२ आहे, आणि तो डॉक्टरांनी लिहिला असेल तरच द्यायचा.

अखेर एका क्रियापदाविषयी. बाह्यरुग्ण नोंदीत डॉक्टरांनी ‘ट्रायकोऱ्हेक्सिस नोडोसा असावा’ असे लिहिले, तर एल६७.० देता येत नाही. त्या भेटीत नोंदलेले लक्षणच संकेतांकित करावे लागते. ‘असावा’ आणि ‘आहे’ यांतला फरक आपण बोलताना सहज गिळतो, तो आपल्या विद्यार्थ्यांनी या नोंदीत गिळू नये.