लाक्विलाला यायचंय? अस्वलाचं सोडा, घराचं बघा

ताई, मिस्टरांना इटलीत लाक्विलाला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळतोय, चार वर्षांच्या मुलाला घेऊन त्या डोंगरात राहायचं तर अस्वलं-साप, भूकंप यांचं कसं, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं साइटवर मिळेल, ते लिहीत नाही.

अस्वलांना घाबरू नका. इथली मार्सिकन जातीची अस्वलं सगळी मिळून शंभरही नसतील, बहुतेक आमच्या या आब्रुत्सो भागातल्या नॅशनल पार्कात, आणि ती माणसाच्या वाट्याला जात नाहीत. उलट 2023 मध्ये आमारेना नावाच्या लेकुरवाळ्या मादीला एका माणसाने गोळी घातली, अजून वाईट वाटतं. जपायचं ते कुत्र्यांना. उन्हाळ्यात काम्पो इम्पेरातोरेच्या पठारावर मेंढरं चरायला असतात, सोबत राखणीची मोठाली पांढरी कुत्री, लांडग्याने नरडं धरू नये म्हणून काहींच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असतो. कळपातून जायचं नाही, पळायचं नाही, मुलाला कडेवर घेऊन लांबून वळसा घालायचा. आणि हिवाळा सरताना पाइनवर पांढरी जाळी दिसली तर त्याखाली खेळू देऊ नका, त्यातले सुरवंट रांगेने खाली उतरतात, त्यांची कुसं लागली की अंगावर गांधी उठतात.

खरी भीती भूकंपाची. मी लातूरकडची, किल्लारी झालं तेव्हा शाळेत होते, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आत. इथे 6 एप्रिल 2009, पहाटे 3:32, 309 माणसं गेली. तिकडे दगड-मातीच्या भिंती अंगावर आल्या, इथे जुनी दगडी घरं तर पडलीच पण काँक्रीटचं वसतिगृहही पडलं, त्यात 8 विद्यार्थी गेले. म्हणून काँक्रीट आहे ना, एवढ्यावर घर घेऊ नका. बिल्डिंग कधीची, 2009 नंतर मजबुतीकरण काय केलं, त्याचे कागद मागा, घरमालक चिडला तरी मागा. आणि भाडेकरार रजिस्टर करून घ्या, आमच्या पहिल्या घरमालकाने टाळाटाळ केली, त्यापायी रहिवासाची नोंद अडली, त्यापायी पोरीला डॉक्टर मिळणं अडलं, आणि कचेरीच्या खिडकीवरची बाई दर खेपेला नवाच कागद सांगायची.

शाळेचं तर विचारूच नका. वर्ग वयाप्रमाणे द्यायचा असा इथला नियम आहे, पण अपवाद शिक्षकांच्या हातात, त्यांनी भाषा येत नाही म्हणून माझ्या मुलीला एक वर्ष खाली बसवलं. गणितात ती पुढे होती, कोणी बघितलं पण नाही. अजून खुपतं मला ते. पण त्याच शाळेत तिला भूकंपाची ड्रिल शिकवली, आणि एका रात्री कपाटातली भांडी वाजायला लागली तर मी तिला हाक मारेपर्यंत ती टेबलाखाली जाऊन टेबलाचा पाय धरून बसलेली.

एकटेपणा जातो हो, शेजारीपाजारी चांगले आहेत. फक्त धक्का बसला की आईला फोन करावासा वाटतो आणि मी करत नाही, कारण किल्लारीनंतर कित्येक महिने ती आम्हाला घेऊन अंगणात झोपलेली आहे आणि मी माझ्या लेकीला परत असल्याच गावात आणलंय, हे तिला कसं सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

तुम्ही घर ठरवायच्या आधी त्याचे कागद मला पाठवा, सगळं इटालियनमध्ये असतं, मी वाचून सांगते. सही त्यानंतरच करा.