सिग्रीडचा बाप दुष्ट नको

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली आठ प्रकरणं दोनदा वाचली. सिग्रीड आवडली, तिचा बाप मात्र पटला नाही. हुसमानाच्या, म्हणजे शेतावर राबणाऱ्या गरिबाच्या पोरावर, ओलावर, लेकीचा जीव जडतो आणि बाप काठी घेऊन आडवा येतो, असा बाप कुठल्याही देशात सापडेल. तू नॉर्वेच्या खेड्यात गेली आहेस, तर अडसर तिथल्या मातीतून येऊ दे.

तिथे कसायला जमीन फार थोडी. म्हणून शेत शक्यतो अखंड राखून थोरल्या मुलाकडे जायचं, मुलगा नसला तर मुलीकडे. या वंशपरंपरेच्या हक्काला ओदेल म्हणतात. हुसमान म्हणजे त्याच शेताच्या कडेला झोपडी आणि जमिनीचा तुकडा मिळालेला माणूस. त्याबदल्यात त्यानं मालकाकडे राबायचं. आता बापाकडे बघ. शेत सोपवताना म्हातारा-म्हातारी करार करून घेत: राहायला जागा, वर्षाला इतकं धान्य, इतकं दूध. जावई कोण, हा त्याच्या म्हातारपणाच्या भाकरीचा प्रश्न आहे. लेकीवर माया असूनही तो नाही म्हणेल, आणि वाचकाला त्याचंही दुःख कळेल.

एक फार सुंदर गोष्ट तुझ्या हातून निसटली आहे. तिथे माणसाच्या नावामागे बापाचं नाव लागायचं आणि त्यामागे राहत्या शेताचं. शेत बदललं की ते शेवटचं नाव बदलायचं. पुरुष बायकोच्या शेतावर राहायला आला तर त्याला तिच्या शेताचं नाव लागे! अमेरिकेत गेल्यावर कुणी बापाचं नाव आडनाव म्हणून धरलं, कुणी मागे सोडलेल्या शेताचं. अमेरिकेला जाणारा तुझा ओला कुठलं धरेल? ज्या शेतानं त्याला नाकारलं, त्याचं? मी असते तर या एका प्रश्नावर अख्खं प्रकरण लिहिलं असतं.

सेतरवरच्या, म्हणजे डोंगरावरच्या कुरणातल्या चांदण्यात सिग्रीडला उसंत फार मिळते. गायी दोन वेळा पिळायच्या, लोणी काढायचं, चीज करायचं. ओलाशी ती बोलेल ती हात चालू ठेवूनच.

तू लिहिलंस खरं, पण १८५३ साली न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नव्हता, तो १८८६चा. त्या काळात बहुतेक नॉर्वेजियन जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला लागत. माझं ऐकशील तर कथा १८६६वर ने. शिडाची जहाजं तेव्हाही होती, आणि १८६२च्या होमस्टेड कायद्यानं अमेरिकेत जमीन कसायला येणाऱ्याला १६० एकर मिळत होते. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही त्याला १६० एकर, आणि जिला शेत मिळणार होतं तिनं ते सोडून यायचं. तुझी कादंबरी मला इथे दिसते. फक्त ती जमीन रिकामी होती असं लिहू नकोस. १८६२च्या डकोटा युद्धानंतर अमेरिकेतल्या मिनेसोटातून तिथल्या मूळच्या डकोटा लोकांना हाकलून लावलं होतं. ओलाच्या नांगराखाली त्यांची भूमी आहे, हे कुठेतरी जाणवलं पाहिजे.

ओलाच्या पत्रांचं तर सगळं नव्यानं लिही. अमेरिकेहून आलेलं पत्र एकट्याचं नसायचं. ते घरात मोठ्यानं वाचलं जाई, शेजारी जाई, कधी वर्तमानपत्रातही छापून येई. मग पानभर विरह तो कसा लिहील? गहू किती झाला, गायी किती, हिवाळा कसा गेला, हेच लिहील. आणि मध्ये एखादं वाक्य असं, की सगळ्यांनी ऐकावं आणि तिलाच कळावं.

रंगवलेल्या पेटीचं प्रकरण उत्तम आहे, त्याला हात लावू नकोस. कित्येक आठवड्यांच्या प्रवासाचं अन्न घरूनच न्यायचं असे, त्यामुळे वाळलेल्या भाकऱ्या मोजणारी आई अगदी खरी आहे. वाचताना माझे डोळे भरून आले.

ओलाच्या पत्रातलं ते वाक्य सापडलं की बाकीचं लिखाण थांबव आणि आधी तेवढंच मला पाठव.

तुझी,
बाई